आत्याचं जनुक

बाहेर ती मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख होती. दारावर पाटी, हाताखाली चार माणसं, येणारेजाणारे उठून उभे राहत. घरात मात्र ती ठकीच होती. नाव आत्यानं ठेवलेलं. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी एका जागी बसून ती डोळे मोठे करून बघत राहायची, म्हणून ठकी. पुढे केस पिकायला लागले तरी नाव काही सुटलं नाही.

ही आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "राहूनच गेलं." ते खरंही असावं, कारण तिची उमेदीची सगळी वर्षं एका जंतूच्या मागे गेली होती. लाकडाच्या वखारीमागे भिजून कुजलेल्या भुशाचा ढीग होता, त्यात तिला तो सापडला. लाकूड कुजलं की त्यातून एक साखर सुटते, झायलोज म्हणतात तिला. बाकीचे जंतू तिच्याकडे वळूनही बघायचे नाहीत आणि हा पठ्ठ्या तिच्यावर ताव मारायचा.

जंतूनं साखर खायची म्हणजे त्याला दोन कामं. आधी ती बाहेरून आत आणायची आणि मग मोडून तिच्यातून ताकद काढायची. दोन्ही कामांची जनुकं वेगळी. आत्याला या जंतूची काही बिघडलेली वाणं मिळाली. त्यांच्या पेशी फोडून रस काढला तर त्या रसात साखर व्यवस्थित मोडायची, पण अख्ख्या जिवंत पेशीला साखरेत बुडवून ठेवलं तरी आत कण जायचा नाही. म्हणजे चूल पेटलेली आणि शिधा उंबऱ्याबाहेर. बिघाड नेमका कुठल्या जनुकात आहे ते तिनं हुडकून काढलं आणि लिहिलं, की हे जनुक दाराचं आहे, पेशीच्या भिंतीतलं साखरेचं दार यातून घडतं. त्यावर पाठ्यपुस्तकात तिचं एक अख्खं प्रकरण आलं. पुढे शिकणाऱ्या सगळ्यांनी ते परीक्षेला लिहिलं. जनुकाला अक्षरांचं रीतसर नाव होतं, पण प्रयोगशाळेत सगळे त्याला नुसतं 'दार'च म्हणत.

ठकीनं तेच काम पुढे चालवलं. आत्या निवृत्त झाली, तेव्हा तिची प्रयोगशाळा ठकीकडे आली, आणि डोळे गेले, तेव्हा आत्याही. डोळे पूर्ण गेले नव्हते. कडेचं दिसायचं, समोरचं मधलंच नेमकं पुसून टाकल्यासारखं व्हायचं. ठकीच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. त्यानं कितीतरी भिंगं घासून पाहिली आणि शेवटी हात टेकले.

"आत्या, तुमच्यामुळे माझा धंद्यावरचा विश्वास उडाला," तो म्हणायचा.

"मग जंतू पाळ," आत्या म्हणायची. "त्यांना डोळे नसतात. तक्रार करत नाहीत."

असं सगळं सुखानं चाललं होतं. मग भिंगरी आजारी पडली.

भिंगरी ही ठकीची विद्यार्थिनी. एका जागी उभी राहिलेली तिला कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून भिंगरी. तिला दिलेलं काम तसं साधं होतं. आत्याचं जनुक जंतूतून साफ काढून टाकायचं आणि नव्या पद्धतीनं पुन्हा एकदा दाखवायचं, की ते नसलं की साखर आत जात नाही. यासाठी जंतू वाढवायच्या प्लेटवर असा रंग घालतात, की ज्या जंतूंना साखर खाता येते त्यांचे ठिपके लालभडक होतात. ज्यांना येत नाही ते दुसऱ्या कशावर तरी वाढतात आणि पांढरे राहतात. भिंगरीच्या प्लेटवर सगळे ठिपके पांढरे आले. यायलाच हवे होते. त्या प्लेटा फेकून द्यायच्या, तर त्याच संध्याकाळी तिला ताप भरला आणि ती अंथरुणाला खिळली. प्लेटा उबवणीच्या कपाटात तशाच राहिल्या.

बरी होऊन परतल्यावर ती आधी त्या टाकायला गेली आणि टाकता टाकता थबकली. मग एक प्लेट घेऊन ठकीच्या खोलीत आली.

"मॅडम, हे बघा ना जरा."

पांढऱ्या ठिपक्यांच्या अंगावर तांबडे बारीक फोड उठले होते. प्रत्येकावर नव्हते, पण पुष्कळांवर होते. जणू गोवर आला होता.

"बाहेरचं काहीतरी पडलंय," ठकी म्हणाली. "पुन्हा कर."

भिंगरीनं पुन्हा केलं. पुन्हा फोड आले. ठकीनं पाणी बदलायला लावलं, रंग बदलायला लावला, शेवटी स्वतः हातमोजे चढवून बसली. तिच्या हातच्या प्लेटांवरही फोड आले. तेव्हा तिला कळून चुकलं, की आपण जंतूची परीक्षा घेत नसून मनाची समजूत घालतोय. आत्याचं जनुक पेशीत नावालाही नव्हतं आणि तरी साखर आत जात होती. दारच काढून नेलेल्या घरात पाहुणा शिरत असेल, तर दार दुसरीकडे कुठेतरी असणार.

ते शेजारीच निघालं. तांबड्या फोडांमधल्या जंतूंची जनुकं वाचून घेतली, तेव्हा सगळ्यांत एकाच ठिकाणी बदल सापडला. आत्याच्या जनुकाला लागूनच एक जनुक होतं. त्याच्याकडे आजवर कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. खरं दार त्याचं होतं. ते एरवी बंद असायचं आणि साखर आली, की आत्याचं जनुक ते चालू करायचं. तांबड्या जंतूंत बदल असा झाला होता, की ते कायमचंच चालू राहिलं होतं, कुणी चालू करायची गरजच उरली नव्हती. म्हणजे आत्याचं जनुक दाराचं नव्हतंच. ते बटण होतं. बटण बिघडलं की दार घडत नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दारच मोडलंय.

भिंगरीला आनंद लपवता येत नव्हता आणि मॅडमचा चेहरा बघून तो दाखवताही येत नव्हता.

"मोठ्या मॅडमना कधी सांगायचं?" तिनं विचारलं.

"सांगू," ठकी म्हणाली. "आधी सगळं पक्कं होऊ दे."

पक्कं होऊनही दिवस लोटले. ठकी घरी आली की आत्या विचारायची, "काय म्हणतंय दार?" आणि ठकी म्हणायची, "चाललंय." एरवी तिला खोटं बोलायचं काम पडत नसे, त्यामुळे ते जमतही नव्हतं. नवऱ्याला तिनं सांगितलं होतं. तो भांडी पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही," तो म्हणाला.

"तिच्याकडे दुसरं काय आहे रे? एवढं एकच तर आहे."

"ते तू ठरवतेस. तिला विचारलंयस का?"

आणि नेमकी त्याच सुमाराला पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती. प्रकाशकानं प्रकरण दुरुस्तीसाठी पाठवलं. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून रोज चहाच्या वेळी ठकी वाचायची आणि आत्या डोळे मिटून ऐकायची. स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला तरी तिला ऐकू यायचा. तिसऱ्या-चौथ्या पानावर ते वाक्य आलं. ठकीनं वाचलं, "या जनुकापासून पेशीच्या भिंतीतलं..." आणि आवाज अडकला. तिनं घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडकली.

आत्यानं डोळे उघडले. ठकीचा चेहरा कडेनं दिसावा म्हणून तिनं मान जराशी वळवली.

"काय सापडलं?" तिनं विचारलं.

"कुठे काय?"

"ठके, तुला मी काखोटीला मारून प्रयोगशाळेत नेलेलं आहे. काय सापडलं ते सांग."

मग ठकीनं सांगितलं. सुरुवातीला आडवळणानं, नंतर सरळ. सांगून संपलं तेव्हा चहाच्या कपावर साय धरली होती.

"घाण आहेत तुमच्या प्लेटा," आत्या म्हणाली.

"मी स्वतः केल्या, आत्या."

"मग तुझे हात घाण आहेत." ती उठली, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिचं जेवणाचं ताट त्या दिवशी तसंच राहिलं.

सकाळी मात्र ती चपला घालून, पिशवी खांद्याला लावून बाहेरच्या खोलीत बसलेली. "मला घेऊन चल," एवढंच म्हणाली.

प्रयोगशाळेत ती कित्येक महिन्यांनी येत होती. तिला पाहून सगळे उठले. भिंगरीची तर पाचावर धारण बसली. आत्यानं खुर्ची मागून घेतली आणि भिंगरीला समोर बसवलं.

"तू केलंस?"

"हो, मॅडम."

"साखर मोडणाऱ्या जनुकांना हात लागलाय?"

"नाही. ती तपासली. जशीच्या तशी आहेत."

"तांबड्या फोडातला जंतू घेऊन त्यातलं ते शेजारचं जनुक काढून टाकलंस?"

"टाकलं. पुन्हा पांढरा झाला. मग कितीही दिवस ठेवला तरी फोड येत नाहीत."

आत्यानं पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तुम्ही तुमच्या वाणावर केलंत. ते तुम्ही घडवलेलं. माझं पहिलं बिघडलेलं वाण फ्रीझरमध्ये असेल, खालच्या कप्प्यात, मागे. ते जिवंत करा आणि त्याच्यावर दाखवा. नाही दाखवता आलं तर माझं प्रकरण आहे तसं छापायचं."

बर्फ खरवडून ती नळी काढावी लागली. वरचं अक्षर आत्याचं, तिरपं आणि घाईतलं. ठकीच्या मनात आलं, की हे वाण मेलेलं निघालं तर बरं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. वाण मेलेलं नव्हतं. इतकी वर्षं थंडीत पडूनही ते एका रात्रीत वाढलं, प्लेटवर पांढरं आलं, आणि मग रोज सकाळी आत्या ठकीबरोबर येऊन त्या कपाटाशेजारी बसू लागली. बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसतात तशी. कुणाशी फारसं बोलायची नाही. भिंगरी कपाट उघडायची आणि सांगायची, "अजून पांढरंच आहे, मॅडम."

एके दिवशी तिनं कपाट उघडलं आणि काहीच बोलली नाही.

"किती आहेत?" आत्यानं विचारलं.

"पुष्कळ."

आत्यानं प्लेट मागून घेतली. डोळ्यांजवळ नेली, मग डाव्या बाजूला, मग उजव्या. ज्या जागी बघावं ती जागा तिच्या नजरेतून पळत होती. शेवटी प्लेट तिनं टेबलावर ठेवली आणि झाकण हळूच फिरवून नीट बसवलं.

"आमच्या वेळी काचेच्या असायच्या प्लेटा," ती म्हणाली. "मोजक्याच होत्या. दुसऱ्या दिवशी धुवून पुन्हा वापराव्या लागत. इतके दिवस कोण ठेवणार?" थोड्या वेळानं ती म्हणाली, "चल ठके, घरी."

त्यानंतरचे दिवस घरात जडच गेले. आत्या कुणावर रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती जेवायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची आणि खिडकीशी बसून राहायची. एकदा ठकीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आत्या म्हणाली, "मी दुःखात नाहीये गं. मी आवराआवर करतेय. घर बदलताना सामान हलवतात ना, तसं. दार म्हणून जे जे डोक्यात रचून ठेवलंय ते सगळं काढून बटणाच्या जागी लावायचंय. म्हातारपणी वेळ लागतो."

"माझा राग आला?"

"आला. तू लपवलंस त्याचा आला. तुला काय वाटलं, मी खुळी आहे? खोटं कळलं तर मरेन, असं?"

ठकीला खरंच तसं वाटलं होतं.

एका संध्याकाळी आत्यानं हाक मारली. "ते प्रकरण आण. लिहून घे." ठकी लिहायला बसली. आत्या सांगू लागली, "'पूर्वी असं समजलं जाई की हे जनुक दाराचं आहे.'"

"कोण समजायचं, ते लिहू?" ठकीनं जरा भीत भीतच विचारलं. "नुसतं 'समजलं जाई' म्हटलं की कुणाचंच नाव येत नाही."

आत्या हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "लिही, 'या प्रकरणाच्या लेखिकेनं असं मांडलं होतं.' आणि भिंगरीचं खरं नाव घाल. आधी तिचं, मग तुझं. पुढे लिही. 'हे जनुक म्हणजे बटण आहे. साखर आल्याचं त्याला कळलं की ते शेजारचं दाराचं जनुक चालू करतं, आणि मग...'"

ती थांबली. ठकीला वाटलं शब्द सुचत नसेल.

"आणि मग दार घडतं, असं लिहू?"

"थांब जरा. बटण कुठे असतं?"

"पेशीच्या आत."

"आणि साखर?"

"बाहेर."

"दार तर अजून घडलेलंच नाही. मग आत बसलेल्या बटणाला बाहेर साखर आली हे सांगितलं कुणी?"

ठकीची लेखणी तशीच हातात राहिली. इतके महिने ती, भिंगरी आणि सगळी प्रयोगशाळा त्या बटणाभोवती घिरट्या घालत होती आणि हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता. दार बटणामुळे आणि बटण साखरेमुळे. मग पहिला कण आत आला तो कसा? नवरा दुकानातून येऊन चप्पल काढत होता. तो दारातूनच म्हणाला, "मागच्या खिडकीतून येत असेल."

"बरोबर," आत्या म्हणाली. "येत असणार. अशी एखादी फट आहे, जी या साखरेसाठी नाही. दुसऱ्याच कुठल्या साखरेचं दार असेल, त्यातून ही चोरपावलांनी थोडी थोडी शिरत असेल. थोडीच. बटण दाबण्यापुरती." तिचे डोळे नेहमीसारखे बाजूला वळलेले, पण चेहरा उजळला होता. "ठके, असं करा. खरं दार काढून टाकलेलं वाण घ्या आणि प्लेटवर साखर भरपूर वाढवा. नेहमीच्या कितीतरी पट. फट असेल तर एवढ्या साखरेत ती लपायची नाही."

भिंगरीला दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर तिनं ऐकता ऐकताच प्लेटांसाठी साखर तोलायला घेतली. या वेळी आत्या रोज सकाळी कपाटाशी बसली, पण आता तोंड बंद नव्हतं. भिंगरीला तिनं उलटसुलट प्रश्नांनी हैराण केलं, दोनदा चुकीत पकडलं आणि एकदा स्वतः पकडली गेली. भिंगरी म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही काल उलटं सांगितलं होतं," तेव्हा सगळ्या खोलीनं श्वास रोखून धरला. आत्या म्हणाली, "काल चुकले असेन. आजचं धर."

पहिले काही दिवस ठिपके पांढरेच होते. मग एका सकाळी भिंगरी प्लेट खिडकीजवळ घेऊन गेली, उजेडात तिरपी करून बघितली, ठकीला बोलावलं. दोघी कुजबुजल्या.

"मी बहिरी नाही," आत्या म्हणाली. "काय आहे?"

"रंग आलाय, मॅडम," भिंगरी म्हणाली. "गुलाबी."

"लाल?"

"लाल नाही. फिका गुलाबी. शेजारी पांढरी प्लेट धरली तरच कळतो."

आत्यानं हात पुढे केला, पण प्लेटसाठी नाही. भिंगरीचं मनगट धरलं. "नक्की? म्हातारीला खूश करायचं म्हणून सांगू नकोस."

"खूश करायचं असतं तर लाल सांगितला असता," भिंगरी म्हणाली.

आत्यानं तिचं मनगट सोडलं नाही. ठकीला वाटलं ती रडेल, पण आत्या रडणाऱ्यांतली नव्हती. ती म्हणाली, "फिका म्हणजे हळूहळू शिरतेय. आपल्याला तेच हवं होतं. आता कुणाचं दार उसनं घेतलंय ते शोधा. मला आधी त्या दुधातल्या साखरेच्या दाराचा संशय आहे, पण माझ्या संशयावर जाऊ नका. एकेक करून सगळी बंद करून बघा."

शोधायला बराच काळ लागला. आत्याचा संशय चुकला. दुधातल्या साखरेचं नव्हतं, भलतंच एक दार निघालं. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तरीच." संशय बरोबर निघाला असता तरी तिनं तेच म्हटलं असतं.

प्रकाशक तेवढा थांबणार नव्हता. पुस्तक आलं त्यात बटण होतं, दार होतं, पण मागची फट नव्हती. ठकीनं सगळं प्रकरण वाचून दाखवलं. आत्यानं डोळे मिटून, दोन स्वल्पविरामांना नाक मुरडत शेवटपर्यंत ऐकलं.

"छापून येईपर्यंत शिळं झालं," ती म्हणाली, पण आवाजात कुरकुर नव्हती. मग पुस्तक बाजूला सारून तिनं विचारलं, "भिंगरी आज येणार होती ना गं? अजून कशी आली नाही?"